चांदणीची दोरी: पाचवीच्या वर्गातलं एक प्रकरण

मेलबर्नच्या पश्चिमेला गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या वस्तीत आमची शाळा आहे. २०२३ साली माझ्या पाचवीच्या वर्गात २५ मुलं होती. निम्म्याहून जास्त भारतीय घरांतली, त्यात तीन मराठी. मी मूळची सांगलीची. इथे प्राथमिक शाळेत शिकवायला लागून अकरा वर्षं झाली. ग्रहमाला हा घटक मी अनेकदा शिकवला होता आणि मला तो चांगला जमतो असं वाटत होतं. तो शिकवताना माझ्या हातून एक मोठी चूक कशी झाली आणि ती सुधारताना वर्गात काय काय घडलं, ते सगळं इथे लिहिते आहे. इथे शिकवणारे बरेच मराठी शिक्षक आता ओळखीचे झाले आहेत आणि हाच घटक त्यांच्याही वाट्याला येतो.

पाचवी-सहावीच्या विज्ञानात पृथ्वी ही सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांपैकी एक, एवढं मुलांना समजावं अशी अपेक्षा असते. २०१८ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या संस्थेने विज्ञान विषयासाठी ९५ नवी उदाहरणं जोडली. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं ज्ञान विज्ञानाच्या तासाला कसं आणता येईल, हे दाखवण्यासाठी. ही उदाहरणं सक्तीची नाहीत. कोणतं घ्यायचं, किती घ्यायचं, हे शिक्षकावर सोडलं आहे. माझ्यासारखी बाहेरून आलेली शिक्षिका मग काय करते? हाताशी जे सापडेल ते उचलते.

२०२२ मध्ये मी तेच केलं. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङु लोकांची शुक्राची कथा मला सापडली होती. योल्ङु शुक्राला बानुम्बिर म्हणतात. पूर्वेला समुद्रापलीकडे बराल्कु नावाचं बेट आहे, मेलेल्यांचे आत्मे तिथे जातात. तिथून बानुम्बिरने जांगावुल नावाच्या पूर्वज बहिणींना वाट दाखवत या भूमीवर आणलं. मी ती कथा एका पानावर उतरवली, शेजारी रोमन लोकांची व्हीनस ठेवली आणि आपले शुक्राचार्य ठेवले. वर मथळा: जुन्या लोकांना ग्रहांबद्दल काय वाटायचं. मग हस्तकलेच्या तासाला मुलांनी आइस्क्रीमच्या काड्या, रंगीत दोरे आणि पिसं लावून ‘मॉर्निंग स्टार पोल’, म्हणजे पहाटेच्या चांदणीचे खांब, बनवले. भिंतीवर २४ खांब रांगेत लागले. मुख्याध्यापकांनी फोटो काढला. मला फार छान वाटलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातल्या शाळांमध्ये ॲबोरिजिनल मुलांसाठी काम करणाऱ्या एक बाई आल्या. वय साठीच्या आसपास. त्यांना सगळे ‘आंटी’ म्हणतात. आपल्याकडे रस्त्यात कुणालाही आंटी म्हटलं जातं, तसं हे नाही. त्यांच्या समाजात हा मान आहे, तो वयाने आणि केलेल्या कामाने मिळतो. आंटी भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग विचारलं, “हे खांब कुणाचे आहेत, तुला माहीत आहे का?”

मी म्हटलं, ॲबोरिजिनल लोकांचे.

“माझे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी योल्ङु नाही. आणि ज्यांचे आहेत, ते ते खांब गेलेल्या माणसांसाठी करतात.”

एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. पण मला आठवली ती आजोबांच्या तेराव्याला मांडलेली पानं, आणि कुणी परक्या शाळेत मुलांना पिंड करायला लावून भिंतीवर चिकटवले तर मला काय वाटेल, ते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकेक खांब काढला. मुलांना दुसऱ्या दिवशी खरं ते सांगितलं, की मी नीट माहिती न घेता तुम्हाला हे करायला लावलं, चूक माझी.

आंटींबरोबर नंतर शाळेच्या मागच्या बाकावर बसून झालेल्या बोलण्यात दोन गोष्टी ठरल्या. पहिली नकाशाची. योल्ङुंचं यिरकाला गाव आमच्या शाळेपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर आहे, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी. गोऱ्या लोकांनी वसाहत केली तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या. ‘ॲबोरिजिनल लोक असं म्हणतात’ हे वाक्य ‘भारतातले लोक भात खातात’ या वाक्याइतकंच पोकळ आहे. तेव्हा दर वेळी सांगायचं: कोण लोक, कुठली जागा, कुणी सांगितलं. दुसरी गोष्ट त्या शेवटी सहज म्हणाल्यासारखं बोलल्या. “तुम्ही सगळे ती चांदणी कागदावर बघता. मुलांनी ती आभाळात बघितली आहे का?”

नव्हती बघितली. वर्गातल्या एकाही मुलाला शुक्र कोणता ते बोट करून दाखवता आलं नसतं. मलाही लहानपणानंतर कधी तसं थांबून बघितल्याचं आठवेना. जे ज्ञान हजारो वर्षांच्या बघण्यातून आलं, ते मी एकदाही वर न बघता शिकवलं होतं, आणि ‘काय वाटायचं’ असा मथळा देऊन त्याला आधीच खालच्या पायरीवर बसवलं होतं.

तीन मुठी, दोन मुठी, एक मूठ

पुढच्या वर्षीची आखणी करताना मी आधी आकाशाचं वेळापत्रक पाहिलं. आमचं तिसरं सत्र १० जुलै २०२३ ला सुरू होत होतं. शुक्र तेव्हा संध्याकाळी पश्चिमेला ठसठशीत दिसणार होता, १३ ऑगस्टला पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाणार होता आणि ऑगस्ट संपायच्या आत पहाटे पूर्वेला उगवणार होता. म्हणजे एकाच सत्रात मुलांना संध्याकाळची चांदणी मावळताना आणि पहाटेची चांदणी उगवताना दिसणार होती. असा योग दरवर्षी येत नाही. मी ग्रहमालेचा घटक उचलून त्या सत्रात आणला.

या वेळी पहिले तीन आठवडे मी कुठलीच कथा सांगितली नाही. प्रत्येकाला एक वही आणि एक काम. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी अंगणात, बाल्कनीत, पार्किंगमध्ये, जिथून पश्चिम दिसते तिथे उभं राहायचं, हात लांब करायचा आणि क्षितिजापासून शुक्रापर्यंत मुठी मोजायच्या. ताठ हाताची एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. जुलैत इथे थंडी असते आणि सूर्य सव्वापाचच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे जेवणाच्या आधी हे काम उरकायचं.

१२ जुलैच्या नोंदी: जवळजवळ तीन मुठी. २५ जुलैला दोनच्या थोडं वर. ६ ऑगस्टला एक मूठही धड नाही. मधल्या कितीतरी दिवसांपुढे फक्त ‘ढग’. मेलबर्नच्या हिवाळ्यात आणखी काय असणार? जुलैच्या सुरुवातीला शुक्राच्या जवळच एक मंद तांबूस ठिपका होता, तो मंगळ. एका मुलाने तो स्वतःहून टिपला आणि शेजारी लिहिलं, ‘हा लुकलुकत नाही.’ पुस्तकातलं एक वाक्य त्याने न वाचता शोधून काढलं होतं.

६ ऑगस्टनंतर वर्गात कुणालाच शुक्र दिसला नाही. घरांची छपरं, ढग, आणि मुळात तो क्षितिजाला टेकलेला. मुलं अस्वस्थ झाली. एक महिना रोज बघितलेली गोष्ट नाहीशी झाली तर लहान मुलांना ते सरळ चुकल्यासारखं वाटतं. वर्गातल्या एका मराठी मुलीने घरी जाऊन आजीला फोन लावला. आजी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, ते मी तिच्या वहीतून जसंच्या तसं उतरवते: “आजी म्हणाली, इकडं आभाळ कुठं दिसतंय बाळा, पाऊस लागलाय. थांब, पंचांगात बघून सांगते. मग म्हणाली, शुक्राचा अस्त आहे. शुक्र बुडालेला असला की लग्नं करत नाहीत. तसाही अधिक महिना चाललाय, लग्नं कुठली आत्ता!”

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता, आजींचं बरोबर होतं. वर्गातल्या बाकीच्या मुलांना हे ऐकून भारी वाटलं, की ढगाआडचा शुक्र एका पुस्तकात बघून सांगता येतो, आणि तो बुडाला म्हणून माणसं लग्नाची तारीख पुढे ढकलतात. मलाही मोह झाला, तास तिथेच वळवावा आणि आपलं पंचांग समजावून सांगावं. पण आदल्या वर्षी मी हेच केलं होतं. योल्ङुंच्या कथेशेजारी शुक्राचार्यांना बसवलं, की दोन्ही ‘सारखंच’ होऊन जातं आणि मग कुठल्याच्या आत शिरावं लागत नाही. म्हणून आजीची नोंद मुलीच्या वहीत राहिली, आम्ही पुढे गेलो.

२२ ऑगस्टला पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी एका मुलाने वडिलांना उठवून शुक्र पाहिला. पूर्वेला. शाळेत आल्या आल्या तो दारातूनच ओरडला. आठवडाभरात १४ मुलांनी पाहिला. अर्ध्याहून जास्त मुलं थंडीत सहाला उठली, हे मी त्यांच्या पालकांकडून खात्री करून घेतलं आहे.

बानुम्बिरची दोरी

आता कथेची वेळ आली. या वेळी नकाशा आधी लावला. आर्नहेम लँड, यिरकाला, एल्को बेट. योल्ङु म्हणजे तिथल्या अनेक कुळांचे लोक आणि ही कथा त्यांच्यातल्या ठरावीक कुळांची आहे, आपण सांगतोय ती त्यांनी जगासमोर मांडू दिलेली तेवढीच, हे सांगितलं. खांबांचं नाव घेतलं, ते कशासाठी असतात ते सांगितलं आणि आपण ते बनवणार नाही हेही.

या कथेचं एक रूप असं आहे. बानुम्बिरला समुद्रात बुडायची भीती वाटते, म्हणून ती बराल्कु बेट सोडून दूर जायला तयार नसते. तेव्हा दोन स्त्रिया तिला एक लांब दोरी बांधतात. रात्री ती दोरीच्या लांबीएवढी वर येते आणि उजाडलं की त्या तिला ओढून घेतात आणि टोपलीत ठेवतात.

गोष्ट सांगून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला: दोरी कशासाठी? म्हणजे गोष्टीत नाही, आकाशात. तुम्ही महिनाभर जे बघितलंत, त्यात दोरी कुठे दिसली?

थोडा वेळ शांतता. मग मंगळ टिपणारा तोच मुलगा म्हणाला, “तो कधीच डोक्यावर नव्हता.”

मुलांनी वह्या चाळल्या. खरंच, एकाही नोंदीत शुक्र डोक्यावर नव्हता, मध्यरात्री तर नाहीच. कायम सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा उगवायच्या आधी पूर्वेला. जणू कुणी लांब जाऊ देत नाही.

मग आम्ही मैदानावर गेलो. मधोमध एक मुलगी सूर्य. तिच्यापासून १० मीटरवर पृथ्वी. शुक्रासाठी ७.२ मीटर लांबीची सुती दोरी, एक टोक सूर्याच्या हातात, दुसरं शुक्राच्या. खऱ्या अंतरांचं प्रमाण तेवढंच आहे. शुक्र झालेला मुलगा दोरी ताठ धरून गोल फिरला आणि पृथ्वीवरच्या मुलांनी एक हात सूर्याकडे धरून मुठी मोजल्या. शुक्र कितीही फिरला तरी सूर्यापासून साडेचार-पाच मुठींपलीकडे जाईना. खगोलशास्त्राच्या पुस्तकात हा कोन सुमारे ४७ अंश दिलेला असतो. तो आकडा मी फळ्यावर सगळ्यात शेवटी लिहिला.

मैदानावरच एका मुलीने तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. “म्हणजे योल्ङु लोकांना माहीत होतं, शुक्र सूर्याभोवती फिरतो?”

‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. मुलं खूश झाली असती आणि माझ्या आदल्या वर्षीच्या चुकीची भरपाई झाल्यासारखं मलाही वाटलं असतं. पण ते खरं नाही. बानुम्बिरची दोरी बराल्कुला बांधलेली आहे, सूर्याला नाही. सूर्याच्या हातात दोरी दिली ती आम्ही, आमच्या मैदानावर. मी मुलांना सांगितलं: शुक्र ठरावीक अंतरापलीकडे जात नाही, हे दोघांनी बघितलं. का जात नाही, याचं उत्तर दोघांनी वेगवेगळं दिलं. दोन्ही उत्तरांना तेच बघणं लागतं. एखाद्या समाजाचा मान राखायचा म्हणून त्याच्या तोंडी आपलं विज्ञान घालणं, हाही त्याचं म्हणणं न ऐकण्याचाच प्रकार आहे. योल्ङुंना कोपर्निकस ठरवल्याशिवाय त्यांचं ज्ञान मोठं वाटत नसेल, तर कमी आपल्या वाचण्यात आहे.

आणि त्यांचं बघणं किती पक्कं आहे, हे दुसऱ्या बाजूनेही दाखवता येतं. बानुम्बिरचा विधी संध्याकाळी सुरू होतो आणि ती उगवेपर्यंत रात्रभर चालतो. लांबलांबून माणसं येतात. म्हणजे ती कधी उगवणार, हे आधीच कळायला हवं. शुक्र पहाटे पुन्हा त्याच जागी दिसायला सरासरी ५८४ दिवस लागतात. वर्षाच्या महिन्यांशी हे जुळत नाही, एकदा हिवाळ्यात तर पुढच्या वेळी उन्हाळ्याच्या शेवटी. मुलांनी गणित करून बघितलं: ५८४ गुणिले ५ म्हणजे २९२०, आणि ३६५ गुणिले ८ म्हणजेही २९२०. आठ वर्षांत पाच फेऱ्या. हा मेळ सापडल्यावर वर्गात जो आवाज झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघायला आल्या. मग मुलांनी १३ ऑगस्ट २०२३ मध्ये ५८४ दिवस मिळवले आणि उत्तराची तारीख मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावली: १९ मार्च २०२५. जिथे आदल्या वर्षी खांब होते, तिथेच.

जवळचं आकाश

आंटींचा पहिला आक्षेप अंतराचा होता. तीन हजार किलोमीटरवरचं आणता, इथलं काय? ‘इथलं’ म्हणताना मात्र जखम उघडी पडते. आमची शाळा ‘कुलिन’ नावाच्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर आहे. दर सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आम्ही तसं म्हणतोही. पण वसाहतीच्या पहिल्या काही दशकांत इथल्या लोकांची इतकी वाताहत झाली, की ग्रहांबद्दलचं फारच थोडं कागदावर उरलं. आंटींना मी विचारलं होतं, तुम्ही येऊन सांगाल का? त्या म्हणाल्या, “ग्रहांचं मला कुणी दिलेलं नाही. जे मला दिलेलं नाही, ते मी सांगणार नाही.” मुलांना हे उत्तर मी तसंच सांगितलं. ज्ञान कुणीतरी कुणालातरी देतं आणि न मिळालेलं आपलं म्हणून सांगायचं नसतं, हे त्यांना माझ्या कुठल्याही सूचनेपेक्षा त्या एका वाक्यातून जास्त कळलं.

म्हणून आम्ही आमच्या व्हिक्टोरिया राज्यातच राहिलो, पण वायव्येला गेलो. मेलबर्नपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर टायरेल सरोवर आहे, राज्यातलं सगळ्यात मोठं खारं सरोवर. हिवाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि रात्री आकाश पायाखाली दिसतं. तिथल्या वर्गाया भाषा बोलणाऱ्या बूराँग लोकांना आपण आकाश सगळ्यांपेक्षा चांगलं जाणतो याचा अभिमान होता. विल्यम स्टॅनब्रिज नावाच्या एका गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराने त्यांच्याकडून ऐकून ग्रहताऱ्यांची नावं टिपली आणि १८५७ मध्ये मेलबर्नमध्ये त्यावर निबंध वाचला. त्यात सूर्य म्हणजे नोवी, पपेरिम्बुल या छोट्या पक्ष्याने आकाशात भिरकावलेलं एमूचं अंडं. शुक्र म्हणजे चार्जी नोवी, सूर्याची बहीण. तिचा नवरा गिनाबाँगबेर्प, म्हणजे गुरू, जुन्या आत्म्यांचा प्रमुख.

‘सूर्याची बहीण’ हे ऐकताच मुलं म्हणाली, बरोबर, ती त्याच्यापासून लांब जात नाही. मी म्हटलं, असू शकेल, पण तसं निबंधात लिहिलेलं नाही, हा आपला अंदाज. नवराबायकोचं मात्र त्याच वर्षी १ आणि २ मार्चच्या संध्याकाळी बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. शुक्र आणि गुरू एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले होते, तेव्हा त्याचे फोटो घराघरांत फिरले. साधारण दरवर्षी हे दोघे असे जवळ येतात.

स्टॅनब्रिजच्या निबंधाबद्दल मुलांशी बोलणं मला कथांइतकंच गरजेचं वाटलं. ही नावं एका परक्या कानाने ऐकलेली आणि इंग्रजी अक्षरांत बसवलेली आहेत. ज्यांनी सांगितली, त्यांची नावं आपण वर्गात घेऊ शकत नाही, लिहिणाऱ्याचं मात्र घेतो. तरी त्या निबंधात एक नोंद अशी आहे, की तिने मुलं थक्क झाली. बूराँगांच्या आकाशात ‘वार’ म्हणजे कावळा, हा अगस्ती तारा. त्याची बायको म्हणून एक मोठा तांबडा तारा सांगितला आहे. त्या जागी आज डोळ्यांना ठळक असं काही दिसत नाही. पण १८४० च्या दशकात ईटा कॅरिनी या ताऱ्याचा मोठा उद्रेक झाला आणि १८४३ मध्ये तो काही काळ आकाशातला दुसरा सर्वांत तेजस्वी तारा होता. २०१० मध्ये संशोधकांनी दाखवलं, की कावळ्याची बायको म्हणजे हाच तारा. तारा तळपला आणि बूराँगांनी त्याला घरात घेतलं, नातं दिलं. ‘जुन्या लोकांना काय वाटायचं’ या माझ्या मथळ्यातला ‘जुन्या’ हा शब्दही त्या दिवशी गेला. हे ज्ञान तेव्हा वाढत होतं, ते मध्येच तोडलं गेलं.

येण्याजाण्याची वाट

चौथ्या सत्रात गुरू ग्रह आला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरीत, कॅथरिन गावाजवळच्या वार्डामन लोकांचे ज्येष्ठ बिल यिडुमडुमा हार्नी यांनी आपल्या लोकांचं आकाशज्ञान स्वतःहून अभ्यासकांना सांगितलं आहे. त्यांच्या सांगण्यात ग्रह एका वाटेवरून चालतात. सूर्य आणि चंद्रही त्याच पट्ट्यातून जातात. जमिनीवर जशा गावांना, विधींच्या जागांना जोडणाऱ्या वाटा असतात, तशी ती वाट. आणि वाटेवर माणूस पुढे जातो तसा मागेही येतो.

मागे येणं म्हणजे आपल्या भाषेत वक्री. हा शब्द मी वर्गात सांगितला तेव्हा तिन्ही मराठी मुलांना तो माहीत होता, आणि तिघांनाही तो काहीतरी वाईट म्हणून माहीत होता. शनी वक्री आहे, नवीन काम काढू नको. वार्डामन सांगण्यात भीती नाही. चालणारा माणूस परत फिरला, एवढंच.

मी गृहपाठ ऐच्छिक ठेवला, कारण नोव्हेंबरमध्ये इथे अंधार पडेपर्यंत नऊ वाजतात. चौघांनी केला. एका मुलाने गॅलरीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर लावला, जमिनीवर पट्टी चिकटवून आपली उभं राहायची जागा पक्की केली आणि गुरू व आसपासचे तारे ठिपक्यांनी टिपले. महिनाभरात गुरू ताऱ्यांमधून डावीकडे सरकला होता, जेमतेम दोन-तीन बोटं. दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड केलं की पूर्व उजव्या हाताला येते, म्हणजे गुरू पश्चिमेकडे, उलटा चालला होता. तो कागद वर्गात सगळ्यांच्या हातातून फिरून मऊ झाला.

त्याच सत्रात १४ ऑक्टोबरचं सार्वमत झालं. मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारी सभा घटनेत असावी का, यावर देशाने ‘नाही’ म्हटलं. आंटींनी त्यानंतरच्या आठवड्यात यायचं कबूल केलं होतं. त्या आल्या नाहीत, कळवलं फक्त, की आत्ता नको. ज्यांचं आकाश आम्ही वहीत उतरवून घेत होतो, त्यांना देशाने काय उत्तर दिलं होतं, हे मुलांना घरच्या टीव्हीवरून कळलेलंच होतं. त्या आठवड्यात मी नवीन काही शिकवलं नाही. नोव्हेंबरात आंटी आल्या, वह्या एकेक करून वाचल्या, आणि गुरूचा कागद हातात घेऊन बराच वेळ बसल्या.

पालकांपैकी एका मराठी वडिलांनी मला स्पष्ट विचारलं, “मॅडम, हे पुढच्या परीक्षांना येणार आहे का?” मी त्यांच्या मुलाची वही समोर ठेवली. त्यात कोन होते, प्रमाण होतं, पाच-आठचा मेळ होता, ढगाळ दिवसांची प्रामाणिक नोंद होती. त्यांनी वही घरी न्यायची परवानगी मागितली.

माझ्यापुरता मी निकाल मुलांच्या वाक्यांत शोधला. २०२२ च्या उत्तरपत्रिकांत जवळपास सगळ्यांनी लिहिलं होतं, ‘ॲबोरिजिनल लोक मानत असत की…’. २०२३ च्या वर्गातली मुलं लिहितात, ‘आर्नहेम लँडमधले योल्ङु लोक बघतात की…’. ‘मानत असत’ गेलं, ‘बघतात’ आलं. सगळ्यांच्या लिखाणात नाही. सहा-सात मुलांनी जुनाच साचा वापरला आणि दोघांनी योल्ङु आणि बूराँग एकमेकांत मिसळले. नकाशा आणखी वेळा समोर यायला हवा होता.

यिरकालाच्या योल्ङु शिक्षकांनी स्वतःच्या शाळेसाठी एक शब्द पुढे आणला होता: गान्मा. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भेटतं, ती जागा. दोन ज्ञानं तशी भेटावीत, एकाने दुसऱ्याला बुडवू नये. यिरकाला ज्यात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून द्विभाषिक शिक्षण सुरू झालं होतं, आणि २००८ मध्ये तिथल्याच सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच चालवायचा आदेश काढला. म्हणजे त्या आदेशाच्या काळात, बानुम्बिर ज्यांची, त्यांच्या मुलांना सकाळच्या वेळी तिच्याबद्दल आपल्या भाषेत बोलायला जागा नव्हती, आणि इथे आम्ही तिच्यावर धडा घेतो. हे मी मुलांना सांगितलं नाही, पाचवीला ते जड झालं असतं. सहावीच्या शिक्षकांना सांगितलं.

हस्तकलेच्या कपाटात आता पिसं नाहीत. ७.२ मीटरची दोरी आहे, गाठ मारून ठेवलेली. आंटींच्या वेळेचं मानधन शाळेच्या वार्षिक खर्चात वेगळ्या ओळीवर धरलेलं आहे, त्यासाठी मला दोन बैठका भांडावं लागलं.

मार्च २०२५ च्या शेवटी ती आजीला फोन करणारी मुलगी धाकट्या भावाला न्यायला शाळेच्या फाटकाशी आली. आता ती सातवीत, दुसऱ्या शाळेत.

“मिस, आपली तारीख चुकली,” ती म्हणाली. “१९ नाही, २३ मार्चला झालं. चार दिवस.”

मी सांगितलं, ५८४ ही सरासरी आहे, दर फेरीला थोडं पुढेमागे होतं.

तिने जरा विचार केला. “म्हणजे योल्ङु लोकांनी नुसते दिवस मोजले असते तर पाहुणे चार दिवस आधी येऊन बसले असते.” मग हात लांब करून मूठ पश्चिमेकडे धरली, दुपारचे साडेतीन वाजले होते, तिथे काहीच नव्हतं. “ते संध्याकाळी बघत असणार. किती खाली आली ते.”

भाऊ दप्तर ओढत आला, आणि ती त्याला घेऊन गेली.